एआय आणताय? मग वाचलेला वेळ कुणाचा ते आधी ठरवा

हल्ली कुठल्याही कंपनीत जा, एआयवर एक मीटिंग झालेली असतेच. कुणीतरी स्क्रीनवर डेमो दाखवतं, दोन तासांचा रिपोर्ट दहा मिनिटांत तयार होतो, सगळे वा वा करतात आणि ज्याचं ते रोजचं दोन तासांचं काम असतं तो माणूस गप्प बसलेला असतो. त्याच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू असतो. उरलेल्या एक तास पन्नास मिनिटांचं काय होणार? मी लवकर घरी जाणार, मला जरा बरं काम मिळणार, की शेजारच्या टेबलवरच्याचं काम पण माझ्याच अंगावर येणार आणि त्याला नारळ मिळणार?

हा प्रश्न तो मीटिंगमध्ये विचारत नाही, आणि मॅनेजमेंट पण त्याचं उत्तर देत नाही कारण बऱ्याचदा त्यांनीही काही ठरवलेलं नसतं. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडतं. 'पीपल-फर्स्ट एआय' म्हणून जे आजकाल बोललं जातं ते म्हणजे एचआरचा एक मेल आणि शनिवारचा एक वेबिनार नाही. काम करणाऱ्याला आधी विचारायचं, कुठलं काम मशीनला द्यायचं ते त्याच्याबरोबर बसून ठरवायचं आणि त्यातून जो वेळ, जो पैसा वाचेल त्यात त्याचा वाटा किती ते टूल चालू करायच्या आधी सांगायचं. बाकी सगळं ह्याच्यातून निघतं.

आता हे नुसतं चांगुलपणाचं बोलणं वाटू नये म्हणून आधी हे टूल शिकतं कुठून ते बघू.

चॅटजीपीटीसारखी टूल्स माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचून, ह्या शब्दानंतर बहुतेक कुठला शब्द येईल हे शिकलेली असतात. ऑफिसात वापरताना त्यात कंपनीचा स्वतःचा मजकूर पण टाकतात, म्हणजे जुने ईमेल, तक्रारींची उत्तरं, कस्टमर केअरचे चॅट. आणि तो मजकूर लिहिला कुणी? तिथल्याच माणसांनी. २०२३ मध्ये एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड ह्या तीन अमेरिकन अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास आला, त्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पाच हजारांवर कस्टमर सपोर्ट एजंटांचं काम तपासलं होतं, त्यातले बहुतेक फिलिपाईन्समधले. चॅट चालू असताना एआय बाजूला उत्तर सुचवायचं, एजंटला वाटलं तर त्याने ते वापरायचं. तासाला सोडवलेल्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. पण खरी गंमत सरासरीत नाहीये. नवख्या आणि कच्च्या एजंटांचं काम ३४ टक्क्यांनी सुधारलं आणि मुरलेल्या एजंटांना जवळपास काहीच फायदा झाला नाही. दोन महिने झालेला एजंट टूल हाताशी धरून, टूल नसलेल्या सहा महिन्यांच्या एजंटाइतकं काम करायला लागला.

असं का झालं? कारण ते टूल सगळ्यात चांगल्या एजंटांच्या चॅटमधून शिकलं होतं. चिडलेल्या गिऱ्हाईकाला काय म्हणायचं, कुठला प्रश्न आधी विचारायचा, हे त्या मुरलेल्या लोकांनी वर्षानुवर्षं डोकं लावून शिकलेलं, ते मशीनने उचललं आणि नवख्यांना वाटलं. कंपनीसाठी छानच झालं की. पण ज्यांची अक्कल उचलली त्यांना त्याबद्दल काय मिळालं हा प्रश्न खुद्द अभ्यास करणाऱ्यांनीच उपस्थित केलाय. विचार करा, तुम्ही ऑफिसातले सगळ्यात जाणकार आहात, तुमच्याच कामातून टूल तयार होतंय आणि त्याचा फायदा तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांना होतोय. उद्या तुम्ही तुमची युक्ती उघडपणे सांगाल का? मी तरी हात आखडता घेईन. आणि जाणकार माणसाने हात आखडला की टूल पुढे सुधारणार कशातून?

म्हणून वाटा आधी ठरवायचा. बोनस, ग्रेड, टूल शिकवण्याचं वेगळं पद, काहीही असो, पण आधी.

दुसरी गोष्ट म्हणजे एआयला काय जमतं आणि काय जमत नाही ह्याची रेघ सरळ नसते, एखादं अवघड वाटणारं काम ते झटक्यात करतं आणि त्याच्या शेजारचं सोपं वाटणारं काम साफ चुकतं, तेही इतक्या आत्मविश्वासाने की वाचणाऱ्याला शंका येत नाही. २०२३ मध्येच बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ कन्सल्टंटवर हार्वर्ड वगैरे ठिकाणच्या संशोधकांनी प्रयोग केला. जी कामं एआयच्या आवाक्यातली होती त्यात एआय वापरणारे २५ टक्के वेगाने काम करत होते आणि कामाचा दर्जाही बराच वर गेला. मग एक काम मुद्दाम आवाक्याबाहेरचं दिलं. त्यात एआय वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के-अंकांनी (पर्सेंटेज पॉइंट) कमी होतं, म्हणजे हुशार, शिकलेली माणसं पण टूलच्या मागे वाहवत गेली.

ही वाकडीतिकडी रेघ नेमकी कुठून जाते ते वरच्या केबिनमधून दिसत नाही, ते दिसतं टेबलवर बसलेल्या माणसाला. समजा सांगलीकडची एखादी पतसंस्था आहे आणि कर्जाच्या फाइली वाचून सारांश काढायला एआय आणलंय. सातबारा उताऱ्यावर मालकाचं नाव, गट नंबर, क्षेत्र हे टूल पटकन काढून देईल. पण कर्ज विभागात वीस वर्षं काढलेले काका आधी बघतात इतर हक्काचा रकाना, तिथे दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, वारस नोंद राहिलीय का, कुळाचं काही आहे का, मग फेरफार नंबर बघून जुना फेरफार काढायला सांगतात, आणि नाव जरा वेगळं दिसलं तर ते धाकट्या भावाचं तर नाही ना हे अर्जदारालाच विचारतात. ह्यातलं निम्मं कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नसतं. टूल विकायला आलेल्या कंपनीला ते माहीत असायचं कारणच नाही, आणि संस्थेच्या सीईओला पण बऱ्याचदा नसतं. काकांना पहिल्या दिवशी खुर्ची देऊन विचारलं नाही तर बोजा असलेल्या जमिनीवर कर्ज मंजूर झाल्यावरच ते कळणार.

बरं, मग काम करणाऱ्यालाच विचारलं की झालं का? तेवढ्याने पण नाही, कारण एआयने आपलं काम किती हलकं झालं हे आपल्याला स्वतःलाही नीट कळत नाही. एआय टूल्सची चाचणी घेणाऱ्या मीटर (METR) नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामर घेऊन २४६ कामांवर मोजमाप केलं. काम संपल्यावर त्यांना वाटत होतं की एआयमुळे आपण २० टक्के वेगाने काम केलं. घड्याळ सांगत होतं की ते १९ टक्के हळू झाले होते. सोळा माणसांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढू नये आणि टूल्स पण झपाट्याने बदलतायत, पण वाटणं आणि मोजणं ह्यात एवढं अंतर पडू शकतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. म्हणून विचारायचं पण आणि मोजायचं पण, आणि मोजताना नुसता वेग नाही, चुका किती झाल्या, त्या निस्तरायला किती वेळ गेला, शिफ्ट संपताना माणूस किती थकलेला होता, हे सगळं धरून.

आता ह्या सगळ्यावर कंपन्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं, की काळजी करू नका, शेवटी तपासायला माणूस आहेच. ऐकायला बरं वाटतं पण इथे आकडा विचारा. तो माणूस आधी दिवसाला ४० फाइली स्वतः वाचत होता, आता एआयने वाचलेल्या १२० फाइलींवर सही करायची असेल तर तो तपासणार काय आणि कधी? तो नुसता अंगठा देणार. आणि चुकलं तर सही त्याची, नोकरी त्याची. तपासणीला वेळच ठेवला नाही तर ते तपासणं नाही, दोष घ्यायला उभा केलेला माणूस आहे तो. मला ह्या सगळ्या विषयात सर्वात जास्त राग कशाचा येत असेल तर ह्याचा. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला काही चुकीचं दिसलं तर दोरी ओढून तो मदत बोलवू शकतो, अडचण सुटली नाही तर लाइन थांबते, आणि दोरी ओढली म्हणून त्याला कुणी बोलत नाही. एआयचं उत्तर चुकीचं वाटतंय म्हणून फाइल बाजूला ठेवायचा असा हक्क तुमच्या क्लार्कला आहे का, आणि तो वापरला तर त्याचं त्या दिवसाचं टार्गेट कमी धरलं जातं का, एवढं विचारलं की कळतं कंपनी किती गंभीर आहे ते.

एकाच माणसाकडे जास्त काम देऊन त्याला सुधारणा म्हणायचं, हे आपल्याकडे नवीन नाहीच. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांमध्ये मालकांनी 'रॅशनलायझेशन' आणलं, विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळायचे, कताई खात्यातल्या कामगाराने मशीनच्या एकाऐवजी दोन बाजू बघायच्या. कामगारांना एवढंच दिसत होतं की तीन माग एकाने बघितले म्हणजे बाजूचा माणूस घरी बसणार, आणि उरलेल्याचं मोडलेल्या धाग्यामागे पळता पळता कंबरडं मोडणार. त्यांना विचारलं कुणी नव्हतं. मग संप झाला, साधारण दीड लाख कामगार, एप्रिल ते ऑक्टोबर, जवळपास सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद, त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि शेवटी सरकारला चौकशीसाठी फॉसेट कमिटी नेमावी लागली. म्हणजे विचारायचा वेळ वाचवला आणि सहा महिने घालवले.

ह्याच्या उलट उदाहरण पण आपल्याकडेच आहे आणि ते तुमच्या आईवडिलांनी किंवा काकांनी अनुभवलेलं असेल, ते म्हणजे बँकांमधले कॉम्प्युटर. सत्तर-ऐंशीच्या दशकात बँक युनियन्सचा कॉम्प्युटरला कडक विरोध होता, हे आज सांगितलं तर पोरं हसतात, पण हजारो क्लार्क दिवसभर हाताने लेजर, म्हणजे खातेवह्या, लिहायचे, त्यांची भीती खोटी नव्हती. १९८३ मध्ये बँकांची संघटना असलेली इंडियन बँक्स असोसिएशन आणि युनियन्समध्ये करार झाला, मर्यादित मशीनं आणायची असं ठरलं, १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन कमिटीने पुढचा रस्ता आखून दिला, मग लेजर पोस्टिंग मशीन आली, मग १९९३ मध्ये अजून मोठा करार झाला. मशीनमुळे कुणाला कामावरून काढायचं नाही आणि मशीनवर काम करणाऱ्याला स्पेशल अलाउन्स द्यायचा, असं लेखी ठरवत ठरवत ते गाडं पुढे गेलं. नोकरी जाणार नाही हे कागदावर आल्यावरच मोठ्या लेजरवर हयात घालवलेली माणसं पन्नाशीत कीबोर्ड शिकली.

सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. दहा वर्षं लागली, गिऱ्हाईकाला तोवर टोकन घेऊन बसावं लागलं, आणि पुढे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांमधून जवळपास एक लाख लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. पण ती भरपाई घेऊन, अर्ज करून पडले, सकाळी कार्ड स्वाइप केलं आणि दार उघडलंच नाही असं नाही. आजच्या बदलाला कुणी दहा वर्षं देणार नाही हे मान्य, पण दहा वर्षं आणि एक ईमेल ह्यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

आत्ताच्या काळातल्या दोन कंपन्या शेजारी ठेवून बघा, दोघी स्वीडनमधून निघालेल्या. क्लार्ना ही हप्त्यांवर खरेदी करून देणारी कंपनी, तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की आमचा एआय असिस्टंट ७०० माणसांचं काम करतो, पहिल्याच महिन्यात २३ लाख चॅट हाताळले. जगभर बातम्या झाल्या. २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या सीईओंनी मान्य केलं की खर्च कमी करण्यावर जास्तच भर दिला गेला, सेवेचा दर्जा घसरला, आणि फोनवर माणूस मिळायला हवा म्हणून परत भरती सुरू केली. दुसरी आयकिया, फर्निचरवाली. तिची बहुतेक दुकानं चालवणारी इंका कंपनी, तिने पण चॅटबॉट आणला, बिली नावाचा, दोन वर्षांत कॉल सेंटरला येणाऱ्या प्रश्नांपैकी ४७ टक्के प्रश्न त्यानेच हाताळले. पण मोकळ्या झालेल्या लोकांना बाहेर न काढता २०२१ पासून ८,५०० कॉल सेंटर कर्मचाऱ्यांना घराच्या सजावटीचा सल्ला द्यायला शिकवलं. कारण वर्षानुवर्षं गिऱ्हाईकांशी बोलून त्यांना माहीत होतं लोक सोफा घेताना कुठे अडतात. वाचलेला वेळ कुठे लावायचा हे इंकाने ठरवलं होतं. क्लार्नाने तो सरळ खर्चातून वजा करून टाकला आणि नंतर कळलं की त्या वेळात माणसं बरंच काही करत होती जे चॅटच्या आकड्यात दिसत नव्हतं.

अजून एक मुद्दा जो फार कमी लोक बोलतात आणि मला तो सगळ्यात काळजीचा वाटतो, तो म्हणजे नवीन पोरांचा. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारा मुलगा सुरुवातीला व्हाउचर तपासतो, जुळवाजुळव करतो, कंटाळवाणं काम असतं, एआयला देण्यासारखंच असतं. पण त्या कंटाळवाण्या कामातच त्याची नजर तयार होते, कुठला आकडा खटकतो ते कळायला लागतं. ते काम मशीनला दिलं आणि मुलाला नुसतं 'तपास' म्हटलं तर तपासायची नजर आणायची कुठून? आठवड्यातले काही तास मुद्दाम टूल बंद ठेवून काम करायला लावणं, सीनियरने बाजूला बसून एआयच्या चुका दाखवणं, हा खर्च वाटतो पण तो आज नाही केला तर दहा वर्षांनी सीनियर म्हणून कोण बसणार?

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होतं, कामाच्या पद्धतीत असा बदल करायचा असेल ज्याने कामगारकपात होऊ शकते, तर मालकाने आधी २१ दिवसांची नोटीस द्यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत पण बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. मॅनेजर आणि बरेचसे सुपरवायझर ह्यात येत नाहीत आणि आयटीत कोण कामगार धरायचा ह्यावर वाद चालूच असतात, तरी तरतूद आहे हे माहीत असावं. जर्मनीत २०२१ पासून कामगारांच्या कौन्सिलला एआयचं काही आलं तर स्वतःचा तज्ज्ञ बोलवायचा हक्क आहे आणि त्याचं बिल मालकाने भरायचं. चाकणला जर्मन कंपन्या ढीगभर आहेत पण हा हक्क तिकडच्या कामगारांना, इकडच्या नाही. आणि युरोपियन युनियनमध्ये २ फेब्रुवारी २०२५ पासून कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून त्यांच्या भावना ओळखणारं एआय कामाच्या जागी वापरायला बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. आपल्या कॉल सेंटरमध्ये ज्यांना 'आवाजात हसू आहे का' ह्याचे मार्क मिळतात त्यांनी हे वाचून ठेवा.

तुमचं ऑफिस छोटं असेल, पंधरा-वीस माणसांचं, तर हे सगळं मोठ्यांचं काम वाटेल. उलट छोट्या जागी सोपं आहे. पहिलं काम म्हणजे आत्ता कोण काय वापरतंय ते न ओरडता विचारा, कारण लोक वापरतायतच, स्वतःच्या मोबाइलवर, गुपचूप. सॅमसंगमध्ये २०२३ ला इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि मग बंदी आली. नुसत्या बंदीने वापर थांबत नाही, लपतो, आणि लपलेल्या वापरातच गिऱ्हाईकाचं आधार कार्ड कुठल्यातरी फुकट अ‍ॅपमध्ये जातं. विचारणाऱ्यावर विश्वास असेल तर माणूस सांगतो की मी ह्या कामाला वापरतो, इथे चुकतं, इथे चालतं, आणि तुमची अर्धी माहिती तिथेच फुकट जमा होते.

मग ज्या कामाचा लोकांनाच कंटाळा आहे असं एक काम निवडा, मालकाला ज्याचा खर्च जास्त वाटतो ते नको. तीन महिन्यांची मुदत ठेवा, मुदत संपली की चालू ठेवायचं का ते त्याच टेबलवरच्या माणसांनी आणि तुम्ही मिळून ठरवायचं, आणि नको ठरलं तर खरंच बंद करायचं. सुरू करायच्या आधी एक साधा कागद काढा, मराठीत, एका पानाचा. त्यात लिहा की ह्या टूलमुळे ह्या वर्षात कुणाला काढणार नाही, किंवा तसं वचन देता येत नसेल तर तेही खरं खरं लिहा आणि गेलीच नोकरी तर किती महिन्यांचा पगार आणि काय ट्रेनिंग देणार ते लिहा. वेळ वाचला तर त्यातला किती शिकायला, किती सुट्टीला, किती जास्तीच्या कामाला ते लिहा. टूल चुकलं आणि माणसाने ते आपणहून सांगितलं तर त्याच्यावर कारवाई नाही, हेही लिहा.

आणि तुम्ही मालक नाही, नोकरीच करताय, युनियन वगैरे काही नाही, तर निदान दोन-चार जण मिळून ईमेलवर विचारा, एकट्याने नको. टूल आणू नका असं म्हणायची गरज नाही, एवढंच विचारा की चूक झाल्यावर जबाबदारी कुणाची, तपासायला फाइलमागे किती मिनिटं धरलीत, आमच्या कामाचा मजकूर टूल शिकवायला वापरणार असाल तर त्याचं काय, आणि अप्रेझलमध्ये टूल न वापरलेल्या दिवसांचे मार्क कापणार का. तोंडी उत्तर मिळालं तर 'आज आपलं असं बोलणं झालं' म्हणून त्याच ईमेलखाली दोन ओळी लिहून परत पाठवा, तारीख आपोआप पडते.